शब्द पाठ, तरी चोकाई कच्ची: जपानी शिकताना कान आणि शब्दसंग्रह यांचा मेळ

जपानी भाषेच्या जेएलपीटी परीक्षेचे निकाल पाहत गेलं की गुणांची एक जोडी सारखी समोर येते. शब्द, व्याकरण आणि वाचन यांत भरघोस गुण, आणि चोकाईत, म्हणजे ऐकण्याच्या भागात, जेमतेम काठावर. एकूण गुण १८०. त्यांतले ६० चोकाईचे, म्हणजे तिसरा हिस्सा. या साठांपैकी किमान १९ हवेतच. परीक्षेच्या पाच पातळ्या असतात, एन५ सर्वांत सोपी आणि एन१ सर्वांत अवघड. त्यांतली एन४ उत्तीर्ण व्हायला एकूण ९० पुरतात, पण उरलेल्या १२० पैकी १०० मिळवले आणि चोकाईत १८ वर अडकलात, तर निकाल अनुत्तीर्ण. शिवाय परीक्षेत ध्वनिफीत एकदाच वाजते. मागे जाऊन पुन्हा ऐकायची सोय नाही.

जुलै आणि डिसेंबरच्या परीक्षेला बसणारे मग आम्हा शिक्षकांना हमखास विचारतात, "सेन्सेई, रोज एक तास मिळतो. त्यात शब्द किती वेळ करू आणि ऐकू किती वेळ?" प्रश्न रास्त आहे. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट, टिळक महाराष्ट्र विद्यापीठ आणि गल्लोगल्लीच्या खासगी वर्गांतून जपानी शिकणारी बहुतेक मंडळी नोकरी किंवा कॉलेज सांभाळून शिकतात. वेळ मोजकाच असतो. पण मिनिटांची वाटणी करण्याआधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी, ती म्हणजे पाठ केलेला शब्द कानावर पडूनही ओळखू का येत नाही. हे कळलं की वाटणी बरीचशी आपोआप ठरते.

एकच वाक्य, जवळून

समजा, जपानी मैत्रिणीचा फोन आला आणि ती म्हणाली:

"आ, गोमेन, अश्ता इकेनाकु नाच्चात्ता."

एन४ च्या विद्यार्थ्याला यातलं सगळं शिकवून झालेलं असतं. 'गोमेन' म्हणजे माफ कर. 'अशिता' म्हणजे उद्या. 'इकु' म्हणजे जाणं, 'इकेरु' म्हणजे जाता येणं, 'इकेनाइ' म्हणजे जाता न येणं. त्याला 'नारु' जोडलं की 'इकेनाकु नारु'. आपण 'जाता येईनासं होणं' म्हणतो तेच. शेवटी 'ते शिमाऊ'. नको असताना एखादी गोष्ट घडून गेली की हे क्रियापद येतं, आपल्या 'विसरून बसलो' किंवा 'फुटून गेलं' यातल्या 'बसणं', 'जाणं' यांच्यासारखं. थोडक्यात ती सांगतेय, "अगं, सॉरी, उद्याचं जमेनासं झालंय."

हेच वाक्य कागदावर 'अशिता, इकेनाकु नात्ते शिमात्ता' असं पूर्ण लिहून दिलं, तर वर्गातले बरेच जण अर्थ सांगतात. ऐकवलं की तेच जण 'गोमेन' तेवढं पकडतात आणि बाकीचं निसटतं. कारणं अगदी ठोस आहेत. 'अशिता'तल्या 'शि'ची इ टोकियोकडच्या बोलण्यात जवळजवळ ऐकूच येत नाही. क, स, त, ह यांसारख्या अघोष व्यंजनांमध्ये सापडलेले इ आणि उ असेच गिळले जातात, म्हणून 'सुकी'चं 'स्की' होतं आणि वाक्याच्या शेवटी येणाऱ्या 'देसु'चं 'देस'. दुसरं म्हणजे 'नात्ते शिमात्ता' आकसून 'नाच्चात्ता' झालंय, आणि हे आकसणं अपवाद नाही, घरगुती बोलण्यातला तो नियम आहे. 'ते इरु'चं 'तेरु' होतं, 'नाकेरेबा'चं 'नाक्या'. तिसरं, बोलताना शब्दांमध्ये मोकळी जागा सोडलेली नसते. कुठे तोडायचं हे ऐकणाऱ्यालाच ठरवावं लागतं.

परदेशी माणूस मराठी शिकतो तेव्हा त्याची अशीच फसगत होते. पुस्तकात 'काय करतो आहेस' असतं आणि पुण्याच्या रस्त्यावर 'काय करतोयस'. 'कोठे चालला आहेस' शिकलेल्याला 'कुठं चाललास' एकदम वेगळंच वाटतं. त्याचा शब्दसंग्रह कमी असतो म्हणून नव्हे. त्याच्याकडे असलेल्या शब्दाचा आवाज वेगळा असतो म्हणून.

मुद्दा इथेच आहे. शब्द 'येणं' ही एक गोष्ट नसून त्यात तीन-चार गोष्टी आहेत. लिहिलेला पाहून अर्थ आठवणं. सुटा उच्चारला तर ओळखणं. वाक्याच्या ओघात, आकसलेला आणि चिकटलेला असताना ओळखणं, तेही पुढचा शब्द येण्याआधी. आणि स्वतःला बोलताना तो सुचणं. यादी पाठ करणारा विद्यार्थी बहुतेक वेळा पहिल्या पायरीवर असतो आणि चोकाई तिसऱ्या पायरीची परीक्षा घेते.

"जपानी लोक फार भरभर बोलतात हो" ही तक्रारही मनाचा खेळ नाही. फ्रान्समधले भाषाशास्त्रज्ञ फ्रांस्वा पेलेग्रिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये काही भाषांच्या बोलण्याचा वेग मोजून प्रसिद्ध केला. जपानीचा वेग सेकंदाला सरासरी ७.८४ अक्षरं भरला, इंग्रजीचा ६.१९ आणि चिनी मँडारिनचा ५.१८. त्याच अभ्यासात असंही दिसलं की जपानीच्या एका अक्षरात माहिती कमी असते, त्यामुळे तेवढाच मजकूर सांगायला जास्त अक्षरं लागतात आणि ती झपाट्याने बोलली जातात. म्हणजे जपानी ऐकणाऱ्याला एका सेकंदात जास्त आवाज हाताळावे लागतात. शब्द आठवायला दोन सेकंद घेणाऱ्याच्या डोक्यावरून तोवर पंधरा अक्षरं निघून गेलेली असतात.

मराठी कानाला काय फुकट मिळतं, काय नाही

आपल्याला काही गोष्टी आयत्या मिळतात आणि त्यांवर वेळ घालवायची गरज नसते. क्रियापद शेवटी येतं, नकारही शेवटी येतो. 'तो उद्या सकाळच्या गाडीने मुंबईला जाणार...' इथपर्यंत ऐकून 'आहे' की 'नाही' याची वाट पाहायची सवय मराठी माणसाला जन्मापासून असते. इंग्रजी माध्यमातून विचार करणाऱ्याला ती लावून घ्यावी लागते. 'नि', 'दे', 'कारा' हे जपानी शब्दयोगी नामाच्या मागे येतात, आपल्या 'ला', 'त', 'हून' सारखेच. 'किते' आणि 'कित्ते' यांतलं जोडाक्षर 'पक्का', 'सत्तर', 'अण्णा' म्हणणाऱ्याला लगेच कळतं. 'त्सु' तर आपल्या 'चूल'मधल्या 'च'च्या अगदी शेजारचा.

अडतं ते स्वरांच्या लांबीवर. आपण लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ पाळतो, पण बोलताना इ आणि ई यांच्या लांबीवर अर्थ क्वचितच अवलंबून असतो, आणि 'आ' दुप्पट लांबवला म्हणून मराठीत शब्द बदलत नाही. जपानीत बदलतो. 'ओबासान' म्हणजे काकू-मावशी, 'ओबाऽसान' म्हणजे आजी. 'ओजिसान' काका, 'ओजीसान' आजोबा. तारखा तर परीक्षकांच्या आवडीच्या: 'योक्का' म्हणजे चार तारीख, 'योऽका' म्हणजे आठ तारीख. वेळेतही गोंधळ होतो, जरी तिथे फरक लांबीचा नसतो: 'इचिजी' म्हणजे एक वाजता आणि 'शिचिजी' म्हणजे सात वाजता. हे सगळे शब्द पहिल्या दोन-तीन महिन्यांत शिकवून होतात, सगळ्यांना 'येतात', आणि चोकाईत चुकतात ते हेच. इथे नवे शब्द पाठ करून काहीही उपयोग नाही. या जोड्या शेजारी शेजारी ऐकाव्या लागतात, ओळखायला क्षणही लागणार नाही इतक्या वेळा.

मग यादी बाजूला ठेवून नुसतं ऐकत राहावं का?

नाही, आणि याबद्दल माझं मत ठाम आहे. 'लहान मूल यादी पाठ करत नाही, नुसतं ऐकतं, म्हणून तुम्हीही तासन्तास ऐका' असा सल्ला इंटरनेटवर भरपूर मिळतो. या विचाराचं मूळ बहुतेकदा स्टीफन क्रॅशन यांच्या १९८० च्या दशकातल्या मांडणीत असतं. पण त्यांनी नुसतं ऐकण्यावर भर दिला नव्हता. 'समजेल असं' ऐकण्या-वाचण्यावर दिला होता. समजेल हा शब्द गाळला की सगळा सल्ला कोसळतो. न समजणारं जपानी दोन तास लावून ठेवलं तर त्या भाषेची चाल कानावर पडते हे खरं, पण मेंदू त्याला काही वेळातच पंख्याच्या आवाजासारखं बाजूला टाकतो. एन५ ची तयारी करणाऱ्याने स्वयंपाक करताना जपानी बातम्या लावून ठेवणं हा अभ्यास नव्हे.

समजायला शब्द लागतात. किती, याचा अंदाज न्यूझीलंडचे शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन यांच्या कामातून येतो. मजकुरातले ९८ टक्के शब्द माहीत असले, म्हणजे पन्नासात एखादाच अनोळखी असला, की मदतीवाचून बहुतेक अर्थ लागतो, असं धरून त्यांनी २००६ मध्ये इंग्रजीसाठी हिशेब मांडला. लेखी मजकुराला ८ ते ९ हजार शब्दकुटुंबं लागतात आणि बोललेल्या मजकुराला ६ ते ७ हजार. शब्दकुटुंब म्हणजे मूळ शब्द आणि त्याची सगळी रूपं मिळून एक. हे आकडे इंग्रजीचे आहेत, जपानीला जसेच्या तसे लावू नयेत. त्यातला कल मात्र लक्षात घेण्याजोगा आहे. ऐकायला वाचण्यापेक्षा कमी शब्द पुरतात. फक्त जे लागतात ते विलक्षण पक्के लागतात, कारण वाचताना थांबता येतं आणि ऐकताना येत नाही.

एन५ च्या पातळीवर बरेच शब्द अनोळखी असतात. अशा वेळी ऐकताना एका अडलेल्या शब्दापाशी लक्ष रेंगाळतं आणि त्यामागचे ओळखीचे तीन शब्दही वाया जातात. म्हणून सुरुवातीला शब्दांना जास्त वेळ देणं योग्यच आहे. जुन्या पद्धतीच्या जेएलपीटीत, म्हणजे २०१० पूर्वी, सर्वांत खालच्या पातळीला सुमारे ८०० शब्द आणि त्यावरच्या पातळीला सुमारे १,५०० अशी अपेक्षा जाहीर केलेली असे. आता अधिकृत यादी निघत नाही, पण सुरुवातीच्या दोन टप्प्यांसाठी हा अंदाज अजूनही कामाचा आहे. हे हजार-दीड हजार शब्द नुसतं ऐकून गोळा होण्याची वाट पाहिली तर वर्षं जातील. ते मुद्दाम पाठ करावेत.

दोन रंगांची चाचणी

आता तुमच्यापुरती वाटणी कशी ठरवायची ते. चोकाईचा एखादा संवाद घ्या, दीड-दोन मिनिटांचा, ज्याची लिखित प्रत तुमच्याकडे आहे. प्रत बंद ठेवून दोनदा ऐका आणि कानाला जे सापडलं ते हिरागानात, म्हणजे जपानीच्या उच्चारानुसार लिहायच्या लिपीत, किंवा सरळ देवनागरीत उतरवा. देवनागरीत उतरवण्याचा फायदा असा की प्रत्यक्ष आवाज जसा ऐकू आला तसाच कागदावर येतो. मग प्रत उघडा आणि जे सुटलं त्यावर दोन रंगांनी खुणा करा. जो शब्द प्रतीत पाहूनही अर्थ कळत नाही, त्याला लाल. जो पाहताच 'अरे, हा तर मला येतो' असं वाटतं, त्याला निळा.

लाल खुणा जास्त असतील तर तुमची अडचण शब्दांची आहे आणि तो संवाद तुमच्यासाठी अजून अवघड आहे. काही आठवडे यादीकडे झुका आणि ऐकायला सोपं घ्या. निळ्या खुणा जास्त असतील तर आणखी दोनशे शब्द पाठ करून चोकाईचे गुण वाढणार नाहीत. जे आहेत तेच कानाला ओळखीचे करायला हवेत. एन४ आणि एन३ च्या आसपास बहुतेकांचा कागद निळाच होतो. आणि नेमके त्याच काळात लोक निकालाने घाबरून आणखी मोठ्या याद्या पाठ करायला घेतात. याचं कारण समजण्यासारखं आहे. शब्द मोजता येतात. 'आज तीस झाले' असं म्हणता येतं. ऐकण्याचा असा हिशेब ठेवता येत नाही, वीस मिनिटं ऐकूनही काही जमा झाल्यासारखं वाटत नाही, म्हणून दमलेल्या दिवशी पहिला बळी त्याचाच जातो.

ही चाचणी महिन्यातून एकदा केली तरी पुरते. शब्द आणि ऐकणं यांचं एकच प्रमाण वर्षभर धरून ठेवण्यापेक्षा दर महिन्याला कागदावरच्या रंगांकडे पाहून ते बदलणं जास्त शहाणपणाचं.

कार्डाला आवाज हवा

शब्द पाठ करण्याची पद्धतही बदलायला हवी, कारण बहुतेक कार्डं डोळ्यांची परीक्षा घेतात. एका बाजूला कांजी (चिनीतून आलेली अर्थवाही चिन्हं) किंवा हिरागाना, दुसऱ्या बाजूला मराठी-इंग्रजी अर्थ. अशी हजार कार्डं तोंडपाठ झाली तरी कानाला एकही शब्द मिळालेला नसतो. कांजीच्या बाबतीत तर हे फारच होतं. इस्पितळाचं चिन्ह पाहून अर्थ लगेच कळतो, पण 'ब्योऽइन' ऐकू आलं की 'बियोऽइन', म्हणजे ब्यूटी पार्लर, असा घोळ होतो, कारण चिन्हावरून थेट अर्थाकडे जाताना आवाजाची पायरी गाळलेली असते.

यावर उपाय सोपा आहे. अंकीसारख्या उजळणीच्या कार्डांच्या ॲपमध्ये कार्डाच्या पुढच्या बाजूला फक्त आवाज ठेवा, अक्षर नको. आवाज ऐकून अर्थ सांगायचा, मग पालटून पाहायचं. जिथे जमेल तिथे सुटा शब्द न ठेवता तो शब्द असलेलं लहानसं वाक्य ठेवा, तेही तुम्ही ऐकलेल्या संवादातलंच. निळ्या खुणांचे शब्द थेट असे कार्डावर आणावेत. ज्या वाक्याने तुम्हाला चकवलं तेच वाक्य पुढच्या आठवड्यात तीन-चार वेळा कानावर येतं आणि हळूहळू चकवेनासं होतं.

ठरावीक अंतराने उजळणी करण्यामागचं तत्त्व जुनं आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेरमान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्याने आणि नंतर सावकाश विसरलं जातं. १९७२ मध्ये सेबास्टियान लाइटनर यांनी खोक्यातल्या कप्प्यांची सोपी पद्धत लोकांपुढे आणली: आलेलं कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलेलं परत पहिल्यात. आजची ॲप्स तेच काम गणिताने करतात. पद्धत चांगली आहे, पण तिच्यात एक धोका आहे. रोज १० नवी कार्डं घेतली की काही आठवड्यांत रोजची उजळणी सत्तर ते शंभर कार्डांवर जाते. रोज २५ घेणाऱ्याचा सगळा तास उजळणीतच संपतो आणि ऐकायला काही उरत नाही. नोकरी सांभाळून शिकणाऱ्याने रोज ७-८ नव्या शब्दांच्या पुढे जाऊ नये असं मी सांगते. वर्षाला अडीच हजारांहून जास्त होतात तेवढ्याने. त्यातले निम्मे जरी कानाने पक्के झाले तरी मोठी मजल आहे.

ऐकायचं कसं

लहान तुकडा, अनेक वेळा. रोज नवा वीस मिनिटांचा पॉडकास्ट ऐकण्यापेक्षा दोन मिनिटांचा एकच संवाद आठवडाभर ऐकणं या टप्प्यावर कितीतरी जास्त देतं. पहिल्या दिवशी वरची दोन रंगांची चाचणी. दुसऱ्या दिवशी प्रत समोर ठेवून ऐका, प्रत्येक निळ्या खुणेपाशी थांबून 'इथे नक्की काय गिळलं गेलं' ते पाहा. तिसऱ्या दिवशी शॅडोइंग, म्हणजे ध्वनिफितीच्या अर्ध्या पावलामागून तेच मोठ्याने बोलत जायचं. 'नाच्चात्ता' स्वतःच्या तोंडून तशाच लयीत निघाला की कान तो शब्द सहज पकडतो. त्यानंतरचे दिवस प्रतीशिवाय, गाडीत बसून किंवा चालताना ऐकलं तरी चालेल, कारण आता ते समजणारं झालेलं असतं.

साहित्य भरपूर आणि मोफत आहे. जपानची सार्वजनिक प्रसारणसंस्था एनएचके, तिच्या एनएचके वर्ल्डचे सोप्या जपानीचे पाठ आहेत. एनएचकेच्या सोप्या बातम्या लहान वाक्यांत, आवाजासकट मिळतात आणि एन४ पूर्ण केलेल्याला झेपतात. जपान फाउंडेशनने कामासाठी जपानला जाणाऱ्यांकरता तयार केलेलं 'इरोदोरी' हे पाठ्यपुस्तक संपूर्ण ऑडिओसकट उतरवून घेता येतं, आणि त्यातले संवाद दुकान, कारखाना, भाड्याची खोली अशा खऱ्या प्रसंगांचे आहेत.

ॲनिमेबद्दल प्रत्येक वर्गात विचारलं जातं. बघा, जरूर बघा, भाषेची गोडी लागते. पण इंग्रजी सबटायटल लावलं असेल तर त्याला ऐकण्याचा सराव म्हणून मोजू नका. डोळा कानापेक्षा वेगवान आहे. अर्थ इंग्रजीतून आधीच मिळाला की मेंदू जपानी आवाजाकडे लक्ष देण्याचे कष्ट घेत नाही. जपानी सबटायटल लावलीत तर गोष्ट वेगळी, तिथे आवाज आणि अक्षर जुळवायचं काम चालू राहतं.

एक प्रकार जवळजवळ सगळे विसरतात, तो म्हणजे अतिशय सोपं ऐकणं. एन४ ला पोचल्यावर एन५ चे जुने संवाद पुन्हा काढा. त्यात एकही नवा शब्द नसेल आणि तेच हवंय. उद्देश नवीन शिकण्याचा नसून जे येतं त्याचा वेग वाढवण्याचा आहे. तारखा, वेळा, किमती यांसाठी तर हाच एक मार्ग. जपानीत मोठे आकडे 'मान', म्हणजे दहा हजारांच्या गठ्ठ्यांत मोजतात. 'जूमान' आपला एक लाख, 'ह्याकुमान' दहा लाख, 'सेन्मान' एक कोटी. इंग्रजीतून वळसा न घेता हे थेट लाख-कोटीत बसवलं तर मराठी माणसाला ते लवकर जमतं, पण 'सान्जूमान' ऐकल्याबरोबर 'तीन लाख' डोळ्यांसमोर यायला सोप्या वाक्यांत पुष्कळदा ऐकावं लागतं.

तर तास कसा वाटायचा

पॉल नेशन यांनी २००७ मध्ये भाषेच्या अभ्यासाचे चार धागे सांगितले आणि चौघांना सारखा वेळ द्यावा असं म्हटलं: अर्थाकडे लक्ष देऊन ऐकणं-वाचणं, अर्थासाठी बोलणं-लिहिणं, भाषेचा मुद्दाम अभ्यास, आणि येतं त्यात सफाई आणणं. शब्दांची यादी, व्याकरण आणि उच्चार हे सगळं तिसऱ्या धाग्यात, म्हणजे पाव हिश्शात. बहुतेक विद्यार्थ्यांच्या तासात हा पाव हिस्सा फुगून पाऊण झालेला असतो.

जपानीच्या अगदी सुरुवातीला मात्र मी हे प्रमाण पाळायला सांगत नाही. दोन लिप्या, कांजी आणि पहिले काहीशे शब्द डोक्यात नसताना समजेल असं ऐकायला फारसं काही सापडत नाही. एन५ पर्यंत तासातली चाळीस मिनिटं मुद्दाम अभ्यासाला आणि वीस पाठातल्याच संवादांना दिली तरी हरकत नाही, अट एकच की प्रत्येक शब्द आवाजासकट शिकायचा. एन४ पासून हे उलटायला लागावं: पंधरा-वीस मिनिटं आवाजाची कार्डं, उरलेला वेळ ऐकणं, शॅडोइंग आणि थोडं वाचन-बोलणं. परीक्षेच्या आधीच्या दोन महिन्यांत आठवड्यातून एकदा चोकाईचा पूर्ण पेपर एका बैठकीत, न थांबवता सोडवावा. एन४ ला तो ३५ मिनिटांचा असतो आणि एन२ ला ५०. इतका वेळ सलग लक्ष देण्याची ताकद वेगळी कमवावी लागते.

एन२ च्या पुढे चित्र पुन्हा बदलतं आणि लाल खुणा परत येतात. आता अडवतात ते कांजीचे जोडशब्द. 'कोऽएन' हा एकच आवाज बाग, व्याख्यान आणि रंगमंचावरचा प्रयोग या तिन्हींसाठी येतो. कुठला ते फक्त आजूबाजूच्या वाक्यांवरून कळतं. इथे सुट्या शब्दाचं कार्ड अपुरं पडतं, शब्द त्याच्या सोबत्यांसकटच शिकावा लागतो. चाकण, रांजणगाव किंवा सुप्याच्या जपानी कंपन्यांत काम करणाऱ्यांना याचा रोजचा अनुभव असतो. बैठकीत चर्चेचा विषय आधी माहीत असेल तर निम्मं काम सोपं होतं, म्हणून आदल्या दिवशी विषयपत्रिकेतले पंधरा-वीस शब्द मोठ्याने वाचून, फोनच्या आवाजात ऐकून ठेवावेत. हा शब्दांचा अभ्यासही झाला आणि ऐकण्याची तयारीही.

फोनवर तर आणखी वेगळं. समोरचा माणूस सुरुवातीलाच 'ओसेवा नि नात्ते ओरिमासु' ('आपलं नेहमीच सहकार्य असतं' अशा अर्थाचं) हे ठरीव वाक्य इतकं भरभर म्हणतो की नवख्याला त्यात चार-पाच अनोळखी शब्द असल्याचा भास होतो. त्याचं पदच्छेद करत बसायचं नसतं; ते सबंध एका शब्दासारखं कानात बसवायचं असतं. तसं बसलं की लक्ष त्याच्या मागेपुढे येणाऱ्या कंपनीच्या आणि माणसाच्या नावासाठी मोकळं राहतं, आणि कागदावर टिपून घ्यायचं असतं ते तेच.